दुसऱ्या खांद्यावरची पिशवी

बाईंकडे नेमबाजी शिकायला आलेला प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी पिस्तूल कुठलं घ्यावं असं विचारायचा आणि बाई त्याला उलट विचारायच्या, "पिशवी कुठली आणलीस?" तो गडबडायचा, कारण हात हलवतच आलेला असायचा. मग बाई त्याला तसाच परत पाठवायच्या. "आधी पिशवी, मग पिस्तूल. घरात असेल ती घेऊन ये, नवी घेऊ नको." निम्मी मंडळी पुन्हा फिरकायची नाहीत. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही. शेड लहान आहे, तेवढीच गर्दी कमी, असं त्या म्हणायच्या.

मी परत गेले, कारण माझी गरज मोठी होती. मी तेव्हा रत्नागिरीत वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसायचे. दिवसभर लोकांची बिलं आणि लोकांचा राग अंगावर घेतल्यावर संध्याकाळी काहीतरी फोडावंसं वाटतं. घरातल्या कपबशा सोडून ते कायद्यात बसवून कुठे करता येईल, याची चौकशी करता करता मला बाईंचा पत्ता लागला. शहर मागे टाकून पालीकडे निघालं की रस्त्याच्या वरच्या अंगाला त्यांची हापूसची कलमं. रस्त्यालगत घर, घरामागून वर चढत गेलेली जांभ्या दगडाची पाखाडी, आणि पाखाडीच्या पायऱ्या संपल्या की आंबा भरायची लांब शेड. आंब्याच्या दिवसांत तिथे पेंढा आणि पेट्या. बाकीच्या दिवसांत तीच आमची रेंज. एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला भिंतीवर कागद, मध्ये दहा मीटर. पावसाळ्यात पाखाडी शेवाळायची, म्हणून तेव्हाही कुलूप. त्यामुळे आमचं वर्ष दसऱ्याला सुरू व्हायचं आणि आंब्याची पहिली पेटी भरली की संपायचं.

बाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. वडील मालवाहू जहाजांवर होते, ते गेल्यावर कलमांचा व्याप बाईंवर आला आणि लग्न राहून गेलं, असं लोक सांगत. बाई सांगत की राहून गेलं नाही, केलं नाही. मनगटावर वडिलांचं पुरुषी घड्याळ, अंगात सुती कुर्ता, केस कापलेले. एनसीसीत असताना हातात रायफल आली, पुढे छर्ऱ्याचं पिस्तूल आलं, ते सुटलं नाही. पदकं बरीच मिळाली होती. ती कुठे आहेत म्हणून मी एकदा विचारलं, तर त्यांनी खिडकीच्या पडद्याचं खालचं टोक माझ्या हातात दिलं. ते चांगलंच जड लागलं. वाऱ्यानं पडदा उडू नये म्हणून बाईंनी सगळी पदकं त्याच्या शिवणीत शिवून टाकली होती.

पण त्यांना पहिल्यांदा बघणाऱ्याच्या लक्षात यायचा तो त्यांचा उजवा हात. तो काहीही उचलायचा नाही. बाजारातली पिशवी, पाण्याची बादली, सुरमई, फणस, शेजारणीचं कडेवरचं पोर, सगळं डाव्या हातात. कोणी हस्तांदोलनाला हात पुढे केला तर बाई नमस्कार करायच्या. उजव्या हातानं फक्त तीन कामं. जेवणं, लिहिणं आणि नेम. अक्षर तर असं की फळ्यावरचा त्यांचा नकाशा पुसायला मुलांचं मन होत नसे, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. "नेम खांद्यावरून सुरू होतो," त्या म्हणायच्या, "आणि तोसुद्धा दुसऱ्या खांद्यावरून. ज्या हातानं ओझं वाहिलंस तो हात तासाभरानंतर तुला फसवणार. म्हणून पिशवी नेहमी दुसऱ्या खांद्याला." हे त्यांच्याकडून ऐकलं की वाटायचं, आपण इतकी वर्षं दोन्ही हातांनी वाटेल ते उचलत आलो हे केवढं पाप केलं.

माझ्या पिशवीची कथा लाजिरवाणी आहे. "नवी घेऊ नको" हे मी ऐकलं होतं, पण ते गरिबांसाठी असावं अशी माझी समजूत. मी मोबाईलवर शोधून एक काळी बॅग मागवली. तिला इतके पट्टे, हुक आणि कप्पे होते की कुरियरवाल्यानंसुद्धा माझ्याकडे आदरानं बघितलं. ती पाठीवर टाकून मी पाखाडी चढले. वर बाई गडग्यावर, कलमांच्या दगडी कुंपणावर, बसल्या होत्या.

"काय गो, कुठे लढाई आहे?"

मी म्हटलं, "बाई, ही खास पिस्तुलाचीच आहे. तिच्यावर तसं लिहिलंय."

"तेच तर. आत काय आहे ते बाहेरच्याला कशाला कळायला हवं? स्टँडवर उभी राहशील तर पोलीस आधी तुला विचारेल, मग चोर विचारेल." त्यांनी बॅग जमिनीवर ठेवली आणि चेन उघडली. बॅग लगेच एका अंगावर आडवी झाली. "उभी राहत नाही. जी पिशवी उभी राहत नाही तिच्यातून वस्तू ओढून काढावी लागते, आणि ओढायला दोन हात लागतात. आतून काळी. बारीक स्क्रू पडला तर तो तुला पुढच्या जन्मी सापडेल." मग त्यांनी चेन पुन्हा लावली, पुन्हा उघडली आणि कान देऊन ऐकलं. "करकरते. शेजारचा नेम धरून उभा असतो तेव्हा ही अशी करकरली तर त्याचा छर्रा कलमात जाईल. आणि इथल्या खाऱ्या वाऱ्यात ही चेन दोन पावसाळे काढत नाही. घरी घेऊन जा. नवऱ्याला दे, त्याला आवडेल."

नवऱ्याला खरंच आवडली. तो ती घेऊन अजून क्रिकेट खेळायला जातो.

दुसऱ्या खेपेला मी ऑफिसची पर्स नेली. ती बाईंनी उघडलीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी घरात शोधताना माळ्यावर मुलीच्या तान्हेपणाची बॅग सापडली. दुपटी, लंगोट, दुधाची बाटली घेऊन डॉक्टरकडे जायची असते ती. फिकट निळी, वर ससे. मुलगी तोवर सहावीत होती. मी जवळजवळ चिडूनच ती नेली, म्हटलं आता हीसुद्धा नको म्हणाल्या तर मी तक्रार खिडकीवर सुखी आहे.

बाईंनी ती जमिनीवर ठेवली. उभी राहिली. तोंड उघडलं, ते बटणाचं होतं, आवाज नाही. आत पांढरं अस्तर, पुसता येणारं. बाजूला बाटलीचे दोन खण, त्यात छर्ऱ्यांची डबी बरोबर बसली. बाईंनी ती डाव्या खांद्याला लावली, उजवा हात पुढे आणला आणि न बघता पुढच्या खणातून डबी काढली. पुन्हा ठेवली. पुन्हा काढली. त्यांचा चेहरा मी इतका खूश कधी बघितला नव्हता.

"ही कोणी केलीन गो?"

"कंपनीची आहे."

"कंपनीत कोणीतरी आई असणार. एका हातात पोर धरून दुसऱ्या हातानं सगळं करायचंय, हे तिला माहीत होतं. आम्हालाही तेच करायचंय." आणि त्या दिवशी बाईंनी मला पहिल्यांदा पिस्तूल हातात दिलं.

आता माझी बदली अलोऱ्याला झाली आहे. कंपनीच्या कॉलनीतल्या घरात ती सशांची पिशवी खुंटीला असते. येणाऱ्या बायका विचारतात, "अजून एक विचार आहे की काय?" मी त्यांना काही सांगत नाही. आत काय आहे ते बाहेरच्याला कशाला कळायला हवं?

आमच्यात एक वकील होते. माणूस लाख, पण सल्ला घेण्यापेक्षा देण्याची सवय जास्त. त्यांनी पुण्याहून चंदेरी रंगाची कडक पेटी आणली होती, आत जाड स्पंज, पिस्तुलाच्या आकाराचा खड्डा. बाई म्हणाल्या, "वकील, हा स्पंज पावसात पाणी धरेल. आपल्याकडे धरतोच." वकिलांनी ऐकून घेतलं आणि पावसाळ्याआधी त्यावर स्वतःचा उपाय काढला. घराघरांत मिठाच्या बरणीत पुरचुंडी बांधून तांदूळ टाकतात, मीठ कोरडं राहतं. वकिलांनी विचार केला की पाणी तर खरं मीठच ओढतं, मग तांदूळ कशाला? त्यांनी पेटीत पिस्तुलाशेजारी मिठाचीच पुरचुंडी ठेवली आणि पेटी बंद करून कपाटात टाकली. दसऱ्याला आमच्यासमोर उघडली तेव्हा पुरचुंडी विरघळली होती आणि नळीवर गंजाचे फोड आले होते. वकील म्हणाले, "मीठ पाणी ओढतं हे विज्ञान आहे, बाई." बाई म्हणाल्या, "ओढतं हो. पण ओढून ठेवणार कुठे, हे तुम्ही त्याला सांगितलं नाहीत." त्यानंतर वकील त्यांच्या भजनी मंडळातली तबल्याची जुनी गवसणी घेऊन आले. कापडी, जाड, उभी राहणारी. बाईंनी ती लगेच पास केली. वकिलांचं पिस्तूलही पुढे सुधारलं, पण नळीवरचा एक डाग राहिला, तो बाई दर दसऱ्याला त्यांना दाखवायच्या.

पाखाडी हा बाईंच्या शिकवण्याचाच भाग होता. खालून पिशवी घेऊन चढायचं आणि वर पोचलं की ज्या हातानं नेम धरायचा त्याचं मनगट बाई पकडायच्या. नाडी बघत वडिलांच्या घड्याळाकडे डोळे लावायच्या. "थांब. अजून नाही." मग गडग्यावर बसायचं, कलमांतून येणारा वारा खायचा, बोलायचं नाही. थोड्या वेळानं पुन्हा मनगट. "थांब. अजून नाही." कितीही मोठा माणूस असो, बाईंनी "जा" म्हटल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. तक्रार खिडकीवर माणूस आरडाओरडा करायला लागला की मी अजून मनात म्हणते, थांब, अजून नाही. निम्म्या वेळा उपयोग होतो.

नवीन माणसाला पहिला महिना छर्रा मिळायचा नाही. रिकामं पिस्तूल घेऊन चुना लावलेल्या कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, हात उचलायचा, धरायचा, खाली घ्यायचा. समोर टिपायला काहीच नसायचं. महिन्यानंतर पहिला कागद. तो कसाही असो, अगदी एखादाच छर्रा कडेला लागलेला असो, बाई त्यावर आपल्या त्या सुंदर अक्षरात नाव लिहायच्या आणि शेडमध्ये बांधलेल्या दोरीला कपड्याच्या चिमट्यानं लावायच्या. तो कधी काढायचा नाही. मोठमोठ्या लोकांचे भिकार कागद त्या दोरीवर होते. बाईंचा मात्र नव्हता. त्यांचा पहिला कागद मुलगी असताना कुठेतरी हरवला, त्यामुळे त्या कधी नवीन होत्या यावर आमचा कोणाचा विश्वासच नव्हता.

दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायची. पिस्तुलांना झेंडू, हळदकुंकू, आणि मग हंगामाचा पहिला छर्रा बाईंचा. एकच. त्या उभ्या राहायच्या, हात वर जायचा, थोडा खाली उतरायचा आणि थांबायचा. तेव्हा शेडमध्ये कोणी श्वास घेत नसे. छर्रा काळ्या वर्तुळाच्या मधोमध. बाई "चला" म्हणायच्या आणि वर्ष सुरू व्हायचं. मी देवळात कधी इतकी मनापासून उभी राहिलेली नाही, हे मला सांगायला लाज वाटत नाही.

आणि त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी स्वतःवरच घातला होता. ज्याला स्वतःला नेम धरता येत नाही, त्यानं दुसऱ्याला शिकवायला उभं राहू नये. कुठल्याशा शिबिरात एक प्रशिक्षक खुर्चीत बसून सूचना देताना त्यांनी पाहिला होता, त्याचा राग त्यांच्या मनातून कधी गेला नाही. "ज्या दिवशी माझा हात राहणार नाही त्या दिवशी शेड आंब्याला," असं त्या म्हणायच्या. आम्ही हसायचो. बाईंचा हात राहणार नाही ही गोष्ट रत्नदुर्ग किल्ला उठून चालायला लागण्यासारखी वाटायची.

त्या वर्षी आंबा जवळ आला होता, शेड बंद व्हायला थोडेच दिवस होते. मी आणि वकील गडग्यावर नाडी उतरायची वाट बघत बसलो होतो. खालून बाई चढत येत होत्या. त्यांची ती खाकी कॅनव्हासची पिशवी होती, वडिलांची जहाजावरची, त्यांनी स्वतः कापून शिवलेली. इतक्या वर्षांत तिला त्यांच्या डाव्या कमरेचा बाक आला होता. वकिलांनी मला कोपरानं ढोसलं. पिशवी उजव्या खांद्याला होती.

"चुकून असेल," मी हळूच म्हटलं.

"बाई आणि चुकून?" वकील म्हणाले.

एखाद्या भटजींनी जानवं उलट्या खांद्याला घातलेलं दिसावं आणि सांगावं कोणी, असं झालं. शेडमध्ये गेल्यावर मी आणखी एक गोष्ट बघितली. कुर्त्याला नेहमी डावीकडे खिसा असायचा, कारण नेम धरताना रिकामा हात खिशात ठेवायचा असतो. या नव्या कुर्त्याला खिसा उजवीकडे होता. त्या दिवशी बाईंनी आम्हाला शिकवलं, पण स्वतः पिस्तूल हातात घेतलं नाही. एका नवीन मुलीच्या पहिल्या कागदावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी पेन वकिलांकडे दिलं.

सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. उजवा हात माझ्यासमोर धरला. तो थरथरत होता, थोडासाच, पण थांबत नव्हता.

"डॉक्टरनं लांबलचक नाव सांगितलंन. मी लक्षात ठेवलं नाही. वाढत जाईल म्हणाला. एकाच हाताला आहे. सध्या."

मी म्हटलं, "औषध असेल ना काहीतरी."

"आहे. ते घेते आहे. त्यानं मला चहा पिता येतो, नेम धरता येत नाही." त्यांनी हात खिशात टाकला. "दसऱ्याला बघू. डाव्यानं कागदावर बसला तर शेड उघडी. नाहीतर आंबा भरायला मोठी जागा झाली. तू कोणाला सांगू नको. वकिलाला सांगितलंस तरी चालेल, तो नाहीतरी ओळखून बसलाय."

घरी जाताना मला राग येत होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. पन्नास वर्षं ज्या हाताला त्यांनी नारळसुद्धा उचलू दिला नाही, त्यानंच असं करावं याचा मला फार राग आला.

पाऊस सुरू झाला आणि एका रविवारी बाईंचा फोन आला. "तुझ्या त्या सशांच्या पिशवीसारखी पिशवी कुठे मिळते?"

"बाई, नवी घेणार?"

"घरातल्या सगळ्या बघून झाल्या. सगळ्या उजव्या हातानं उघडतात. ही बाबांची खाकी उजव्या खांद्याला लावली तर खण पाठीमागे जातात. आणि मला आता सगळं एकाच हातानं करायचंय."

मी माझी द्यायला तयार होते. त्या म्हणाल्या, दुसऱ्याची पिशवी दुसऱ्याच्या खांद्याला शोभते. मग आम्ही छत्र्या घेऊन मारुती मंदिराजवळच्या लहान मुलांच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानात पाळणे, झबली, खुळखुळे, आणि काउंटरवर हसतमुख एक मुलगी. बाईंनी मोठ्या गंभीरपणे बाळाच्या बॅगा खाली काढायला लावल्या. एकेक जमिनीवर ठेवायची, तोंड उघडायचं, दोन पावलं मागे सरकून उभी राहते का बघायचं. पडली ती बाद. करकरली ती बाद. आतून गडद ती बाद. उरलेल्यांत त्यांनी आपल्या पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेला खलबत्त्यातला लोखंडी बत्ता काढून ठेवला, कारण त्यांचं पिस्तूल साधारण तेवढंच भरायचं. दुकानातली मुलगी जरा मागे सरकली.

"आजी, ह्यात हे...?"

"वजन बघते आहे."

"वजनाला काय नाय हो आजी. चार बाटल्या राहतात. बाळ किती महिन्यांचं आहे?"

मी घाईघाईनं काहीतरी सांगणार होते. बाईंनी डावा हात जरा वर केला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नवीनच आहे. अजून मान धरत नाही."

मुलीचा चेहरा एकदम मऊ झाला. "मग सांभाळायला लागतं हां आजी. घाई नाय करायची. मानेखाली हात ठेवायचा."

"ठेवते," बाई म्हणाल्या.

मी टॉवेल बघायला बाजूला गेले. परत आले तेव्हा बाई उजव्या खांद्याला पिवळी पिशवी लावून, बत्त्यासकट, दुकानाच्या दारापर्यंत फेऱ्या मारत होत्या. पिशवीवर रांगेनं हत्ती होते, पुढच्यानं मागच्याची शेपूट धरलेली. मधल्या चकरेत त्या थांबल्या, डावा हात न बघता पुढे नेला आणि एका झटक्यात बटण उघडलं.

"ही," त्या म्हणाल्या. मुलीनं कौतुकानं एक खुळखुळा फुकट दिला. तो बाईंनी नम्रपणे घेतला आणि पुढे कलमांवरची माकडं हाकलायला वापरला.

त्या पावसात मी त्यांच्याकडे एकदाच गेले. सासूबाईंनी फणसाची भाजी दिली होती. पडवीत शिरले तर बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. समोर घराची चुन्याची भिंत, कोरी. डाव्या हातात पिस्तूल, रिकामं. मूठ नवी होती, आंब्याच्या पेट्या करणाऱ्या सुताराकडून फणसाच्या लाकडाची करून घेतलेली. उजव्या हातासाठी घडवलेली मूठ डाव्यात बसत नाही. उजवा हात नव्या खिशात होता आणि त्या खिशाचं कापड सारखं हलत होतं. डावा हात वर गेला, डुलला, लटपटला, खाली आला. पुन्हा वर. आमच्यासमोर वर्षानुवर्षं दगडासारखा हात धरलेली ती बाई त्या भिंतीसमोर काल आलेल्या पोरीसारखी उभी होती. आणि तशाच शिस्तीनं, घाई न करता, ट्रिगरला बोट न लावता.

"बस. बोलू नको," त्या मागे न वळता म्हणाल्या.

मी ओल्या रेनकोटसकट बसले. बराच वेळ बसले. भाजी गार झाली. मी आयुष्यात मोठी माणसं म्हणतात ती थोडीफार पाहिली आहेत, मंत्री येऊन आमच्या कचेरीचं उद्घाटन करून गेले आहेत. पण त्या पडवीत मला जे वाटलं ते कधी वाटलं नाही. सगळ्यात वरच्या पायरीवर पोचलेला माणूस कुरकुर न करता खाली उतरतो आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा चढायला लागतो, ही गोष्ट मी डोळ्यांनी बघत होते.

शेवटी त्यांनी पिस्तूल हत्तींच्या पिशवीत ठेवलं आणि माझ्या शेजारी बसल्या.

"गंमत बघ," त्या म्हणाल्या. "उजव्याला पन्नास वर्षं राणीसारखं ठेवलं. ह्या डाव्यानं सगळी ओझी वाहिली, एकदा तोंडातून शब्द नाही. आता राणी रुसली आणि हमाल कामाला आला."

"येईल ना बाई त्याला?"

"ताकद आहे. वळण नाही. वळण लागायला वेळ लागतो." मग भाजीचा डबा उघडून त्यांनी वास घेतला. "तुझ्या सासूचा हात चांगला आहे. तिला सांग, जपून ठेव."

दसऱ्याला आम्ही सगळे लवकर गेलो. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना सगळं कळलं होतं. शेड झाडून घेतली, झेंडूची तोरणं लावली, पिस्तुलं पाटावर मांडली. समोरच्या भिंतीवर वकिलांनी एक कागद लावला आणि तो सरळ लागला आहे ना हे पुन्हा पुन्हा बघत राहिले. "एकच छर्रा," ते मला म्हणाले. "कागदाबाहेर गेला तर त्या शब्द फिरवायच्या नाहीत." ते मला माहीत होतं.

बाई खालून निघाल्या. पाखाडी अजून ओलसर होती. उजव्या खांद्याला पिवळी पिशवी, तिच्यावरचे हत्ती एकेका पायरीबरोबर वर येताना दिसत होते. कोणी हसलं नाही. मी पाखाडी संपते तिथे उभी होते. बाई वर आल्या, माझ्यासमोर थांबल्या आणि डावं मनगट पुढे केलं. वडिलांचं घड्याळ काढून त्यांनी पिशवीत ठेवलं होतं, ते माझ्या हातात दिलं.

आधी मला कळलंच नाही. मग कळलं. मी त्यांचं मनगट धरलं. नाडी उडत होती, एखाद्या घाबरलेल्या मुलीची उडावी तशी. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की बाईंना छातीत धडधड होतच नसेल.

"थांबा," मी म्हटलं. "अजून नाही."

बाई निमूटपणे गडग्यावर जाऊन बसल्या. वाऱ्याकडे तोंड करून बसून राहिल्या. मी थोड्या वेळानं पुन्हा मनगट घेतलं. "अजून नाही." त्या पुन्हा बसल्या. बाकीचे शेडच्या दारात उभे होते. तिसऱ्यांदा नाडी हाताला नीट, सावकाश लागली, आणि मला वाटलं की आणखी थोडा वेळ थांबवावं, म्हणजे ती वेळ यायचीच नाही. पण बाईंनी असं कधी कोणाला केलं नव्हतं.

"जा," मी म्हटलं.

त्या आत गेल्या. पिशवी जमिनीवर ठेवली, ती उभी राहिली. डाव्या हातानं बटण उघडलं, पिस्तूल काढलं, छर्रा भरला. सगळं एका हातानं, आवाज न करता. उजवा हात खिशात गेला. डावा वर आला, थोडा डुलला, खाली उतरला. त्यांनी नेम सोडून पिस्तूल खाली घेतलं. दुसऱ्यांदा उचललं, पुन्हा खाली घेतलं. आम्हाला त्या नेहमी सांगायच्या की मन नसताना सोडलेल्या छर्ऱ्यापेक्षा न सोडलेला छर्रा बरा. तिसऱ्यांदा हात वर गेला. खिशाचं कापड हलत होतं. हात डुलत डुलत एका जागी आला, आणि फट्कन आवाज झाला.

वकील धावत भिंतीपाशी गेले. काळं वर्तुळ कोरं होतं. खाली, डावीकडे, पांढऱ्या भागात, कागदाच्या कडेपासून बोटभर आत एक भोक होतं.

"बाई, कागदावर आहे," वकील म्हणाले.

"दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे."

बाई स्वतः चालत गेल्या आणि कागद काढला. मग दोरीपाशी आल्या, सगळ्यात शेवटी त्या नवीन मुलीचा कागद होता, त्याच्याही पलीकडे गेल्या आणि एका हातानं चिमटा लावला. पेन माझ्याकडे दिलं. "नाव घाल. माझं अक्षर आता कोणाला वाचवत नाही." मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, शाळेच्या हजेरीत लिहावं तसं. त्यांच्यासारखं सुंदर आलं नाही, पण मी जीव ओतून लिहिलं.

बाई त्या एका भोकाकडे बघत उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं आता "चला" म्हणतील. त्यांनी डावा हात वर करून उलटासुलटा करून पाहिला आणि माझ्याकडे वळल्या.

"त्या दुकानातल्या मुलीला सांग गो," त्या म्हणाल्या. "मान धरायला लागलंय."